वन्संच्या चार टपालपेट्या

सावित्रीच्या या काठापासून त्या काठापर्यंत, महाड आणि पोलादपूर दोन्ही तालुके पालथे घाला, एकाच गोष्टीवर भरवसा ठेवायला आमच्या वन्संइतकं नाराज माणूस तुम्हाला मिळायचं नाही. वन्सं म्हणजे माझी नणंद, आमच्या ह्यांची पाठची बहीण. वयानं माझ्याहून दोन वर्षांनी लहानच, पण मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी बजावलं होतं, "वन्सं म्हणायचं," ते तोंडात बसलं ते बसलं. पोलादपूरला बाजाराच्या मागच्या आळीत राहतात. शाळेत शिकवत होत्या, आता निवृत्त. एकट्याच आहेत, पण घरात बघाल तर दोन शेगड्या, दोन पाटे, देव्हाऱ्यात दोन समया आणि गळ्यात दोन चष्मे. एक डोळ्यांना लावायचा आणि दुसरा, पहिला सापडत नसला की तो शोधायला. महाडला माझ्याकडे यायला निघाल्या की बसतात एसटीत, पण आधी नाक्यावरच्या रिक्षावाल्याला सांगून ठेवतात, "गाडी घाटात अडली तर फोन करीन, निघायच्या तयारीत राहा." पोलादपूर ते महाड वाटेत घाट नाही हे तो बिचारा दर वेळी सांगतो. लग्न का नाही केलंत, असं मी एकदा धीर करून विचारलं. तर म्हणाल्या, "स्थळ एकच आलं होतं, वहिनी. दुसरं हाताशी नसताना पहिल्याला हो कसं म्हणायचं?"

हसू येतं ना? मलाही यायचं. पण महाडच्या माणसानं या बाबतीत कुणाला हसू नये. पाणी चढायला लागलं की आम्ही धान्य, गाद्या, कागद सगळं माळ्यावर टाकणारी माणसं. त्या मोठ्या पुराच्या वर्षी पाणी माळ्यावरही गेलं. घराचे कागद, मुलांचे दाखले, लग्नातले फोटो, सगळ्याचा लगदा झाला. चिखल उपसून मी पायरीवर बसले होते, तर चौथ्या दिवशी वन्सं पत्र्याची एक ट्रंक घेऊन हजर. आत प्रत्येक कागदाची प्रत. आमच्या लग्नाची पत्रिकासुद्धा. माझ्या बाळंतपणातल्या औषधांची चिठ्ठीसुद्धा. "ही दुसरी प्रत," एवढंच म्हणाल्या आणि पदर खोचून चिखल काढायला लागल्या. तेव्हापासून मी त्यांना हसायचं सोडलं. निदान तोंडावर तरी.

आता त्यांच्या पद्धती कधी कधी अंगाशी येतात, तेही सांगायला हवं. त्यांच्या आळीत त्यांनी एक रीत घालून दिली आहे. बाहेर जाताना आपल्या घराची एक किल्ली उजव्या हाताच्या शेजाऱ्याकडे ठेवायची. अकरा घरं, अकरा किल्ल्या, किल्ली हरवली म्हणून कुणाचं अडलं नाही पाहिजे. चांगलंच चाललं होतं. एका शिमग्याला काय झालं, पालखी सहाणेवर, म्हणजे गावाच्या चौथऱ्यावर, आली आणि एकेक करत आळी रिकामी झाली. किल्ल्या रीतीप्रमाणे शेजारच्या खुंटीला. सगळ्यात शेवटी निघाल्या वन्सं. त्यांचं घर टोकाचं, म्हणजे त्यांची किल्ली जायची पहिल्या घरी, आणि पहिल्या घराला तर कुलूप! बाईंनी रीत मोडली नाही. खिडकीच्या गजातून किल्ली आत टाकली आणि गेल्या पालखीला. दुपारी सगळे परत आले तर अकरा घरं बंद आणि प्रत्येकाची किल्ली दुसऱ्याच्या बंद घरात. शेवटी एकाची कौलं काढून माणूस आत उतरवला. सगळे चिडलेले, आणि वन्सं म्हणतात, "पद्धत बरोबर आहे. तुम्ही सगळे एकदम बाहेर पडलात ही चूक."

हे इतकं सविस्तर सांगायचं कारण असं, की पुढे या बाईच्या हातात ईमेल आला.

मेल म्हणजे नक्की काय, हे मला आजही कळलेलं नाही, आधीच कबूल करते. वन्संनी मला पुष्कळदा शिकवलं. त्या शिकवून थकल्या नाहीत, मीच शिकून थकले. मी विचारलं, "वन्सं, हा मेल असतो कुठे? मोबाइलमध्ये?"

"नाही हो. कंपनीच्या पेटीत. मोबाइल म्हणजे नुसतं पेटीचं दार."

"आणि पेटी कुठाय?"

"असेल अमेरिकेत."

"म्हणजे बिरवाडीहून कुणी तुम्हाला लिहिलं, तर ते आधी अमेरिकेत जातं नि मग पोलादपुरात येतं? एवढ्याशा अंतरासाठी?"

"एसटी तरी कुठे सरळ जाते, वहिनी?"

तर ही अमेरिकेतली पेटी एकदा बंद पडली. सगळीकडचीच पडली होती म्हणे, अर्ध्या दिवसात चालूही झाली, पण वन्संना पूर आल्यासारखं झालं. "माळा नाही या घराला!" म्हणाल्या. लगेच दुसऱ्या कंपनीत दुसरी पेटी उघडली. दुसरीला सोबत म्हणून तिसरी. चौथीही. आणि चारही आपल्याच नावानं काढून काय उपयोग, नाव एकच झालं की धोका एकच झाला, म्हणून पहिली त्यांच्या नावानं, दुसरी माझ्या नावानं, तिसरी आमच्या ह्यांच्या नावानं, म्हणजे त्यांच्या दादाच्या, आणि चौथी गावदेवी जाखमातेच्या नावानं. "माणसाचं काय, आज आहे नि उद्या नाही. एक तरी पत्ता कायमचा हवा." ह्यांना जाऊन आता सहा वर्षं झाली. ते होते तेव्हाच ती पेटी निघाली, ते स्वतः समोर बसून होते. "माझ्या नावानं काढतेस तर मला वापरायला लागणार नाही ना?" एवढंच त्यांनी विचारलं होतं. माझ्या नावानं पेटी आहे हे मात्र मला कुणी सांगितलंच नव्हतं. ते मला कसं कळलं, तिकडेच येते आहे.

वन्संची एक जुनी विद्यार्थिनी आहे, सुमन. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरातलं गाव तिचं. नवरा लवकर गेला, तेव्हा हिंमत करून खाली उतरली आणि बिरवाडीत खानावळ घातली. कारखान्यातली पोरं तिथे खोल्या घेऊन राहतात, ती जेवायला हिच्याकडे. पण जागेच्या मालकानं सांगितलं, दिवाळीनंतर जागा मोकळी कर, नवी इमारत बांधायची आहे. तेवढ्यात एका कारखान्याचं कँटीन चालवायला द्यायचं निघालं. सुमननं वन्संच्या पेटीवरून अर्ज केला, कारण तिचा सगळा पत्रव्यवहार बाईच बघणार. कँटीन मिळालं तर बिरवाडीत राहणार, नाहीतर परत डोंगरावर, भावाच्या दारात. "बाई, वर जाऊन मी काय करू गो? तिथं जेवायला मानूसच उरला नाय," असं ती म्हणायची. हसत म्हणायची, पण डोळे हसत नसत.

सर्वपित्रीला मी पोलादपूरला वन्संकडे होते. ह्यांचं पान दोघी मिळून वाढतो आम्ही. पान वाढून झालं आणि दुपारी मोबाइल वाजला. कारखान्याचा मेल. तुमचा अर्ज आम्ही विचारात घेतला आहे, उद्या संध्याकाळी पाचच्या आत होकार आणि आठवड्याचा मेन्यू याच पत्त्यावर मेलनं कळवा. सुमनला फोन झाला, ती तर रडायलाच लागली. वन्संनी लगेच बसून झकास मेन्यू लिहिला, सोमवार ते शनिवार, मटकीच्या उसळीपासून सुकटीच्या चटणीपर्यंत. मी म्हटलं, "टाका पाठवून."

"आज? अवसेला? पितरांच्या दिवशी नव्या कामाचा होकार धाडायचा? उद्या घट बसतायत. सकाळी घट बसवला की पाठवते."

मलाही ते पटलं. आता कुणी मला नावं ठेवली तर ठेवोत, पण तुम्हीही अवसेला पाठवला नसता.

सकाळी घट बसला, माळ चढली, वन्संनी मोबाइल घेतला, आणि पेटी बंद! नुसतं चाक फिरतंय. आळीतल्या सगळ्यांची तीच गत. वन्सं गालात हसल्या. खरं सांगते, त्यांना आनंदच झाला. इतकी वर्षं माळा बांधून ठेवलेला, आता पाणी आलं होतं. म्हणाल्या, "वहिनी, दोन नंबरची पेटी उघडते."

पण जुना मोबाइल आठवड्यापूर्वी पाण्याच्या पिंपात पडलेला. हा नवा. यात फक्त पहिली पेटी चालू करून घेतली होती. दुसरी पेटी म्हणाली, तुम्ही नव्या दारातून येताय, तुम्हीच कशावरून? तिसऱ्या पेटीत एक आकडा पाठवलाय, तो सांगा. तिसरी उघडायला गेलो तर ती म्हणाली, आकडा चौथीत पाठवलाय. चौथी, म्हणजे देवी, म्हणाली, आकडा पहिलीत पाठवलाय. आणि पहिली बंद. वन्सं मोबाइलकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, "वन्सं, हे तर शिमग्यासारखं झालं."

"पद्धत बरोबर आहे," म्हणाल्या, पण आवाज नेहमीचा नव्हता. "फोन नंबरवर आकडा मागवता येतो. मी नंबर दिलाय."

"मग मागवा की!"

"लँडलाइनचा दिलाय. मोबाइल बदलतो, लँडलाइन बदलत नाही म्हणून." ती लँडलाइन रस्ता रुंद करताना तुटली, त्याला किती वर्षं झाली ते विचारू नका.

कारखान्यात फोन लावला, तिकडून उत्तर, "मेल करा." एक वाजला, दोन वाजले, चाक फिरतंय. शेवटी वन्संनी होकार आणि मेन्यू सुवाच्य अक्षरात कागदावर उतरवला, खाली कार्बन घालून, आणि आम्ही निघालो. एसटी मिळाली, मागून रिक्षा होतीच. बिरवाडीच्या फाट्यावर सुमन उभी, तोंड एवढंसं झालेलं. "बाई, गेलं का गो माझं?" वन्संनी तिचा हात धरला आणि तरातरा गेटकडे चालायला लागल्या.

गेटवर वॉचमन म्हणतो, "कागद घेत नाय आमी. मेल करा."

"मेलच बंद आहे रे बाबा!"

"मग मेल चालू झाला की मेल करा."

असं बराच वेळ चाललं. वन्संनी त्याला शाळा कुठली ते विचारलं, तो पोलादपूरचाच निघाला, मग वाट सुटली. कँटीनचं बघणारे साहेब म्हणजे तिशीतला मुलगा. तो डोकं धरून बसलेला. म्हणाला, "मॅडम, तुम्ही पाठवून काय करणार? आमचीही पेटी त्याच कंपनीची. सकाळपासून आम्हालाच काही येत नाहीये. सगळ्यांना उद्या दुपारपर्यंत मुदत वाढवून देतोय. पण पाठवायचं मेलनंच हं."

म्हणजे बघा. आमची दुसरी, तिसरी, चौथी, कुठलीही पेटी उघडली असती तरी घेणाऱ्याचं दारच बंद होतं. मग आम्ही दिवसभर कशासाठी धावलो? हे मी वन्संना परतीच्या रिक्षात विचारलं. त्या म्हणाल्या, "विचार करतेय." रिक्षातच का, तर एसटी खरोखरच बंद पडली होती, आणि त्याचंही समाधान त्यांना त्या दिवशी झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी महाडला परतले. तिकडे पोलादपूरला पहिली पेटी सुरू झाली, तिच्यातून देवीची उघडली, देवीमुळे ह्यांची, ह्यांच्यामुळे माझी. चारही दारं सताड उघडी. आदल्या दिवशीच्या धसक्यात असलेल्या वन्संनी विचार केला, एकाच पेटीतून पाठवलं आणि वाटेत अडलं तर? साडेआठ वाजता त्यांनी होकार आणि मेन्यू चारही पेट्यांतून धाडला. पहिल्याखाली सुमनचं, बाकीच्यांखाली ज्याची पेटी त्याचं नाव आणि फोन नंबर. पत्र लिहायची रीत ती रीत.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन आला. माझं पूर्ण नाव घेऊन तो साहेब म्हणाला, "मॅडम, तुम्ही कँटीनसाठी होकार पाठवलाय. तुमच्याकडे माणसं किती?"

मी म्हटलं, "मी एकटीच असते."

"एकट्या? दोनशे माणसांचं जेवण?"

"पूर्वी केलंय हो पंगतींचं. आता गुडघे साथ देत नाहीत."

त्यानं फोन ठेवला. मी गोंधळून तशीच बसले, की दोनशे माणसं येणार आहेत कुठून. दहा मिनिटांनी परत फोन. तोच आवाज, पण त्याला ठाऊक नव्हतं की मीच आहे, कारण हा नंबर घरातल्या दुसऱ्या फोनचा, ह्यांचा. त्यानं ह्यांचं नाव घेतलं. "साहेब आहेत का?"

"नाहीत."

"कधी येतील?"

आता काय सांगायचं? म्हटलं, "अहो, ते गेले. सहा वर्षं झाली."

मग हळूच म्हणाला, "पण काल सकाळी साडेआठला त्यांनी मेल केलाय."

खोटं नाही सांगत, क्षणभर मला वाटलं, केला असेल. या मेलचं मला कुठे काय कळतं. अमेरिकेतून येतो म्हणतात, तर आणखी थोडं पलीकडून का येणार नाही? मी विचारलं, "काय लिहिलंय हो त्यांनी?"

"मेन्यू," तो म्हणाला. "मंगळवारी वालाचं बिरडं."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि त्याच्याही. तो चिडला होता. चार अर्ज, मेन्यू शब्द न् शब्द सारखा, त्यांना वाटलं कुणीतरी टोळी करून फसवतंय. त्यात जाखमाता म्हणजे केटरर्सच असणार असं धरून ते नाव त्यांना सगळ्यात भरवशाचं वाटलं होतं, आणि तिथे फोन केला तर नंबर देवळातल्या गुरवाचा. "चारही बाद करायचं ठरलंय," म्हणाला. चारही, म्हणजे सुमनचाही. मी आयुष्यात कुणा साहेबाशी भांडले नव्हते, त्या दिवशी भांडले. भांडले म्हणजे काय, सगळं सांगितलं. पूर, ट्रंक, किल्ल्या, दोन चष्मे. त्याला कितपत समजलं देव जाणे, मलाच धड समजलेलं नव्हतं. पण शेवटी तो म्हणाला, "ठीक आहे काकू. जास्तीच्या तिघांनी आपापल्या पत्त्यावरून माघार लिहून पाठवा. फायलीला लागेल. आज दुपारच्या आत. मग सुमनताईंचं पक्कं."

मी पुन्हा पोलादपूर गाठलं. वन्सं ओट्याशी टेकून खाली बसलेल्या, दोन्ही चष्मे ताटात काढून ठेवलेले. सुमन समोर. "माझ्याच हातानं पोरीचं घालवत होते," एवढंच बोलल्या. सुमन म्हणाली, "बाई, पुरे हां आता. उठा नि लिवा."

माझी माघार मी सांगितली, त्यांनी लिहिली. देवीची लिहायच्या आधी त्यांनी घटासमोर हात जोडून गाऱ्हाणं घातलं, की माते, ही माघार कागदोपत्री आहे, राग मानू नको. मग ह्यांची पेटी उघडली, आणि मी त्यांच्या खांद्यावरून बघितलं. आत पत्रंच पत्रं. सगळी ठळक अक्षरात, म्हणजे कुणी न उघडलेली. सगळी वन्संच्या पेटीतून आलेली, महिन्याला एक. वरच्या ओळी तेवढ्या दिसत होत्या. 'दादा, यंदा पाणी पायरीलाच थांबलं.' 'दादा, वहिनी गुडघ्याला तेल लावत नाहीत.' 'दादा, फणस धरलाय.'

वन्सं आपणहून म्हणाल्या, "पेटी वापरात नसली तर कंपनी बंद करून टाकते. म्हणून टाकते काहीतरी."

मग त्यांनी लिहायला घेतलं, 'मी माघार घेत आहे,' आणि 'माघार' पाशी बोट थांबलं. सुमननं घड्याळाकडे बघितलं. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, दादाच्या नावानं हे मला नाही हो लिहवत. तुम्ही सांगा, तो काय म्हणाला असता?"

मी विचार केला. ह्यांना माघार वगैरे शब्द कधी आलेच नाहीत. मी म्हटलं, "लिहा. मला आता काही नको. सुमन चांगलं जेवू घालते, काम तिलाच द्या."

तसंच लिहिलं. बटण मी दाबलं. माझ्या आयुष्यातला तो पहिला मेल, आणि तो मी ह्यांच्या नावानं पाठवला. अर्ध्या तासात सुमनला फोन आला, पक्कं झालं म्हणून. ती वन्संच्या गळ्यात पडून इतकी रडली की मी घाबरून देवापुढची साखर दोघींच्या तोंडात घातली. आता ती दोनशे माणसांना जेवू घालते. तिनं स्वतःची पेटीही काढली आहे, एकच.

त्याच दुपारी, सुमन गेल्यावर, वन्संनी पेट्या मिटायला घेतल्या आणि थांबल्या. ह्यांच्या पेटीत एक नवं पत्र आलं होतं. कारखान्यातून. 'आपला आभारी आहे, साहेब.' त्या मुलानं जाणूनबुजून लिहिलं, की कुणा कारकुनानं नेहमीच्या रीतीनं, ते मला कळलेलं नाही, आणि मी शोधायलाही गेले नाही. वन्सं म्हणाल्या, "सहा वर्षांत त्याला माझ्याशिवाय कुणी लिहिलं नव्हतं." मी म्हटलं, उघडा ना. त्यांनी मान हलवली. दुसऱ्याचं पत्र उघडू नये असं आम्हाला दोघींनाही शिकवलेलं आहे. तेव्हा ते तिथेच आहे, सगळ्यात वर, ठळक अक्षरात.